पेटीचे २०० मोठे की पिअर्सनचा क्लच?

वाचकांचे प्रश्न : गाडी, इंजिन आणि बाकी भानगडी

मागच्या अंकात मी २०१८ साली भाच्याकडे अमेरिकेत शार्लटला गेलो होतो तेव्हा बघितलेल्या नॅस्कारच्या (स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी तिथली संस्था) सहाशे मैलांच्या शर्यतीबद्दल सहज चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीग आला की हो. निम्म्या पत्रांत एकच भांडण, नॅस्कारचा नंबर एक ड्रायव्हर कोण. म्हणून या महिन्यात बॅटरी, मायलेज आणि "सीएनजी बसवू का" वाल्यांना थांबवून ठेवलंय, रागवू नका, पुढच्या वेळी पहिले तुमचेच घेतो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी रविवारी पोह्यांवर वाद पेटला. मुलगा दोन वर्षं अमेरिकेत राहून आलाय, तो म्हणतो जिमी जॉन्सन सगळ्यात मोठा, सात चॅम्पियनशिप, त्यातल्या पाच लागोपाठ. मी म्हणतो रिचर्ड पेटी, २०० शर्यती जिंकला, दुसऱ्या नंबरवाल्याच्या १०५, विषय संपला. सूनबाई म्हणते दोघंही चुकताय, पण बरोबर कोण ते सांगत नाही. तुम्ही सगळ्या काळातले ड्रायव्हर एकदाचे ओळीत लावून द्या.
— रामबाग, इंदूर

उत्तर : काका, सूनबाईंना आधी माझा नमस्कार सांगा, कारण उत्तर माहीत असून गप्प बसणं हे मला साठीनंतरही जमलेलं नाही.

असं बघा, आपल्या इंदूरची होळकर टीम चार वेळा रणजी जिंकली, सी. के. नायडू कॅप्टन, आणि आजही राजवाड्याच्या आसपास एखादे आजोबा भेटतात जे सांगतील की सी. के. आज असते तर आयपीएलमध्ये रोज बॉल स्टेडियमबाहेर गेला असता. आता त्यांच्याशी काय वाद घालणार? बॅट वेगळी, पिच वेगळं, हेल्मेट नाही, मॅचेस किती कमी. पेटी-जॉन्सनचं भांडण तसंच आहे, फक्त इथे गाडी पण मधे येते, आणि गाडी कोणी बनवली, किती पैसे लागले, त्या वर्षी किती शर्यती झाल्या, नियम कोणते होते हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.

तुमच्या पेटीचंच घ्या. १९६७ चं साल. ४८ शर्यतींत उतरला, २७ जिंकला, त्यातल्या १० लागोपाठ! आज असं कोणी करूच शकत नाही, कारण आज सीझनच ३६ शर्यतींचा आणि त्यात कोणी १० जिंकला तर लोक वर्षभर त्याचंच बोलतात. जॉन्सननं २००७ मध्ये १० जिंकल्या, काइल लार्सननं २०२१ मध्ये १०, आणि दोघंही त्या वर्षी चॅम्पियन. मग पेटी त्यांच्या अडीच-तीन पट मोठा का? थांबा. १९६७ मध्ये त्यातल्या कितीतरी शर्यती शंभर मैलांच्या आणि छोट्या ट्रॅकवरच्या होत्या. विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे नावाचं स्टेडियम आहे, तिथला ट्रॅक फुटबॉलच्या मैदानाभोवती, पाव मैलाचा, म्हणजे शाळेच्या स्पोर्ट्स डेला आपण चारशे मीटर पळायचो ना तेवढाच, त्यावर या धुडासारख्या गाड्या गोल गोल. आणि समोर कोण? कारखान्याच्या पैशावर आणि सामानावर धावणारे मोजके लोक, बाकी सगळे स्वतःच्या खिशातून, घरच्या गॅरेजमधून जुन्या टायरवर आलेले. पेटीच्या मागे प्लिमथ कंपनी होती आणि घरचं वर्कशॉप होतं, वडील ली पेटी स्वतः तीन वेळचे चॅम्पियन. म्हणून लोक म्हणतात २०० मधले बरेचसे फुकटचे.

मी पण असंच म्हणायचो. मग एक दिवस दुपारी वहीत हिशोब मांडला. १९७२ पासून छोट्या शर्यती काढून टाकल्या, ४८ चं कॅलेंडर एकदम ३१ वर आलं, सिगारेट कंपनीचा पैसा आला, तिथून मॉडर्न काळ धरतात. १९७१ संपताना पेटीचे १४० विजय झाले होते. ते १४० च्या १४० उचलून कचऱ्याच्या गाडीत टाका, ओला-सुका काही बघू नका. उरले ६०. शिवाय १९७२, ७४, ७५ आणि ७९ अशा चार चॅम्पियनशिप, आणि डेटोना ५००, म्हणजे नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत, चार वेळा. एवढ्यावरच माणूस कुठल्याही यादीत पहिल्या दहात बसतो, आणि हे त्याचं उतारावरचं आयुष्य आहे बरं का! तेव्हापासून मी "फुकटचे" हा शब्द वापरायचं सोडलं.

दुसरी बाजू पण ऐका. २०० वा विजय ४ जुलै १९८४ ला डेटोनाला, राष्ट्राध्यक्ष रेगन स्वतः बघायला आलेले, विमानातून फोनवर शर्यत सुरू करायची ऑर्डर दिली त्यांनी. तिथेच थांबला असता तर काय शोभलं असतं. पण नाही, १९९२ पर्यंत चालवत राहिला, दोनशेच्या वर शर्यती आणखी, आणि एकही जिंकला नाही. एकूण ११८४ शर्यती. टक्केवारी काढली की १७ च्या जरा खाली येते, त्याला हीच शेवटची वर्षं जबाबदार.

आता १०५ वाला डेव्हिड पिअर्सन. तुम्ही त्याचं नाव पण लिहिलं नाही काका, नुसतं "दुसऱ्या नंबरवाला" म्हणून सोडून दिलं, आणि सूनबाईंच्या मनात हाच असणार असं मला वाटून राहिलंय. ५७४ शर्यतींत १०५, म्हणजे १८ टक्क्यांच्या वर, पेटीपेक्षा जास्त. चॅम्पियनशिप तीन, १९६६, ६८, ६९. पण पूर्ण सीझन तो मोजक्याच वेळा धावला, बाकी वर्षी वाटलं तिथे उतरायचा आणि मोठ्या बक्षिसाच्या शर्यती उचलून घरी जायचा. १९७३ मध्ये फक्त १८ शर्यती, त्यातल्या ११ जिंकल्या. वुड ब्रदर्स टीमच्या २१ नंबरच्या गाडीत १४३ शर्यतींत ४३. आणि हे छोटे ट्रॅक गेल्यानंतरचं आहे, म्हणजे पेटीवरचा जो आरोप आहे तो याच्यावर लागू पण होत नाही.

दोघं मिळून पहिले-दुसरे असे ६३ वेळा आले. पिअर्सन पुढे ३३ वेळा, पेटी ३० वेळा. एवढ्या वर्षांत तीनचा फरक!

पण माझं मत बनलं ते आकड्यांनी नाही, क्लचनी. १९७६ ची डेटोना ५००, शेवटची फेरी, शेवटचं वळण, दोघं एकमेकांना घासले, भिंतीला लागले, गरगर फिरत फिनिश लाइनच्या अलीकडच्या गवतात. पेटीची गाडी रेषेपासून काही हातांवर बंद पडलेली, स्टार्टर मारून राहिलाय, ढिम्म. त्याची माणसं धक्का मारायला धावली. पिअर्सनच्या गाडीचं नाक पूर्ण चेपलेलं, पण भिंतीला आदळून गाडी भोवऱ्यासारखी फिरत असताना या माणसाला क्लच दाबून धरायचं सुचलं, त्यामुळे इंजिन बंदच पडलं नाही. मग फर्स्ट टाकला आणि बैलगाडीच्या स्पीडनं खुरडत खुरडत रेषा ओलांडली. मी पीथमपूरला तीस वर्षं गाड्यांवरच काढली, टेस्टवाल्यांबरोबर बसलोय, साधं ओल्या रस्त्यावर गाडी घसरली की भले भले ब्रेकवर उभे राहतात, क्लच कोणाला आठवत नाही आणि गाडी झटका खाऊन बंद. ताशी तीनशेच्या आसपास चाललेल्या गाडीत, धुरात, डोकं फिरत असताना... असो.

त्याच्या दोन वर्षं आधी, ४ जुलै १९७४, त्याच ट्रॅकवर शेवटच्या फेरीला पिअर्सन पुढे होता आणि अचानक त्यानं पाय काढला, गाडी बाजूला घेतली, पेटीला वाटलं इंजिन गेलं, तो भुर्रकन पुढे. आणि मग हा त्याच्या मागच्या हवेत चिकटून आला आणि शेवटी काढून घेतली शर्यत. मुद्दाम केलेलं होतं! पुढे राहिलो तर शेवटी पेटी हेच करेल हे ओळखून आधीच जागा बदलली. पेटी जाम चिडला होता म्हणे. उगाच नाही त्याला रुपेरी कोल्हा म्हणायचे.

२०१० मध्ये शार्लटला नॅस्कारचं हॉल ऑफ फेम, म्हणजे मोठ्या लोकांच्या सन्मानाचं संग्रहालय, सुरू झालं तेव्हा पहिल्या पाचात पिअर्सन नव्हता. दोन जागा तर नॅस्कारचे मालक, फ्रान्स आडनावाचे बापलेक, त्यांना गेल्या. दुसऱ्या वर्षी घेतलं. यावर भाचा आणि मी तिथल्या लॉबीत उभं राहून इतका वेळ बोललो की गार्ड विचारायला आला, काही मदत हवीय का.

आता मुलाच्या जॉन्सनकडे येतो, नाहीतर तो म्हणेल जुन्या लोकांचीच आरती. सात चॅम्पियनशिप तिघांच्या, पेटी, डेल अर्नहार्ट आणि जॉन्सन. लागोपाठ पाच, २००६ ते २०१०, फक्त जॉन्सनच्या, त्याआधी लागोपाठ तीन एकट्या केल यारबरोच्या होत्या. जॉन्सनच्या काळात गाड्या इतक्या सारख्या झालेल्या की पाव सेकंदात दहा-बारा जण, नियम तपासणारे टेम्प्लेट लावून मिलिमीटर मोजायचे, त्यात पाच वर्षं कोणाला वर येऊ न देणं म्हणजे खायचं काम नाही. पण किंतु आहे. २००४ पासून पद्धत बदलली, आधी वर्षभराच्या गुणांवर ठरायचं, मग शेवटच्या दहा शर्यतींवर ठरायला लागलं, आणि जॉन्सन आणि त्याचा क्रू चीफ (टीमचा मुख्य मेकॅनिक) चॅड नॉस यांनी त्या दहा शर्यतींचाच अभ्यास केला, परीक्षेत नेमके येणारे धडे पाठ करणारा मुलगा असतो ना तसा. २००७ मध्ये जेफ गॉर्डन ३६ पैकी ३० वेळा पहिल्या दहात आला, जुन्या हिशोबानं आरामात चॅम्पियन झाला असता, ट्रॉफी गेली जॉन्सनकडे. यात जॉन्सनची चूक काही नाही, जो पेपर समोर आला तो त्यानं सोडवला. मी फक्त म्हणतो की त्याचे सात आणि अर्नहार्टचे सात एकाच तराजूत टाकू नका, अर्नहार्टला फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत रोजचा गृहपाठ होता.

अर्नहार्टबद्दल लिहायला बसलो तर अंक संपेल. काळी ३ नंबरची गाडी, आरशात दिसली की पुढचा माणूस आपणच चूक करायचा. १९७९ मध्ये नवखा म्हणून बक्षीस आणि १९८० मध्ये थेट चॅम्पियन. सगळं जिंकला, डेटोना ५०० काही हाताला लागेना, १९९८ मध्ये विसाव्या वेळी लागली, तेव्हा एका लहान मुलीनं दिलेलं नाणं त्यानं डॅशबोर्डला चिकटवलं होतं, आणि जिंकल्यावर सगळ्या टीमची माणसं, ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं ठोकलं होतं ती पण, पिट रोडवर, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाड्या थांबतात त्या गल्लीत, ओळीनं उभी राहून हात मिळवत होती. तीन वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००१ ला, त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत गेला. त्यानंतर डोकं-मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंती मऊ केल्या, आणि या सर्वोच्च मालिकेत आजपर्यंत दुसरा ड्रायव्हर मेलेला नाही.

गॉर्डन ९३ विजय, चार चॅम्पियनशिप, १९७२ नंतरच्या काळात सगळ्यात जास्त विजय त्याचेच. बॉबी ॲलिसन ८५, त्यातला एक तर १९७१ चा, इतकी वर्षं हिशोबात धरलाच नव्हता, २०२४ मध्ये जाऊन मान्य केला. डॅरेल वॉल्ट्रिप ८४, जॉन्सन आणि यारबरो ८३-८३, अर्नहार्ट ७६.

तर घ्या माझी ओळ. तुम्ही "सगळ्यात यशस्वी" विचारलं असेल तर पेटी, वर केलेल्या वहीतल्या हिशोबानंतर मला दुसरं उत्तर देता येत नाही. मग अर्नहार्ट, मग जॉन्सन, मग पिअर्सन, मग गॉर्डन, सहावा यारबरो आणि त्याच्या बरोबरीला वॉल्ट्रिप-ॲलिसन भांडत बसू देत. पण माझी स्वतःची गाडी, माझ्या पैशाची, एकच शर्यत आणि ती जिंकायचीच असेल तर चावी मी पिअर्सनच्या हातात देणार आणि बाहेर चहा प्यायला जाणार. सूनबाईंना विचारून कळवा.

प्रश्न : अहो ते स्टॉक कार म्हणजे शेअर बाजाराशी काही आहे का, आमच्या ह्यांना वाटलं तसंच! आणि नुसतं डावीकडे वळत राहायचं यात कसलं आलंय कौशल्य, आमच्या इथला रिक्षावाला यापेक्षा जास्त वळणं घेतो.
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, ह्यांना सांगा सेन्सेक्सचा काही संबंध नाही. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल, शोरूममधली गाडी जशीच्या तशी शर्यतीला, म्हणून स्टॉक कार. १९४९ मध्ये खरंच तसं होतं, लोक स्वतःच्या गाडीत घरून चालवत यायचे, धावायचे, गाडी धड राहिली तर त्याच गाडीतून परत. आता नावालाच स्टॉक, आतून पाइपचा पिंजरा आणि वरून कंपनीचा चेहरा.

रिक्षावाल्याचं मान्य, त्याला सलामच. पण डावीकडे वळण्यातली गंमत ऐका. गाडी वळणात दोनच तक्रारी करते. एक, मागचं सुटतं, म्हणजे शेपूट बाहेर जायला बघतं. दुसरी, पुढचं वळतच नाही, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ भिंतीकडे. आणि हे फेरीगणिक बदलतं, टायर झिजला, टाकीतलं पेट्रोल कमी झालं, ऊन उतरलं, ट्रॅक गार झाला की गाडीचा स्वभाव बदलला. सहाशे मैल म्हणजे शार्लटला ४०० फेऱ्या, संध्याकाळी उन्हात सुरू आणि रात्री दिव्यांत संपते, म्हणजे एकाच शर्यतीत दोन-तीन वेगवेगळ्या गाड्या चालवल्यासारखं. ड्रायव्हरनं रेडिओवर नेमकं सांगायचं काय होतंय, आणि मेकॅनिक मागच्या काचेच्या खाचेतून पाना घालून स्प्रिंगवरचं वजन दोन आटे इकडेतिकडे करतो. जो नीट सांगू शकतो तो जिंकतो. डॉक्टरकडे गेल्यावर "कसंतरी होतंय" म्हणणारा आणि "उजवीकडे खाली, जेवल्यावर, टोचल्यासारखं" सांगणारा, यात फरक असतो की नाही?

आणि डेटोनाचं वळण ३१ अंशांनी तिरपं आहे. जिना चढल्यासारखं हात टेकून चढावं लागतं माणसाला.

प्रश्न : काका १९५० वगैरे वाले तर दारू पोचवणारे ड्रायव्हर होते ना, त्यांना ग्रेट लिस्टमध्ये कशाला घ्यायचं, कॉम्पिटिशन काय होती तेव्हा.
— भंवरकुआँ, इंदूर (होस्टेल)

उत्तर : अरे भिया, दारू पोचवणारे होते म्हणूनच तर चालवता येत होतं! रात्री लाइट बंद करून डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर, मागे पोलीस, डिकीत हातभट्टीचा माल, यापेक्षा चांगला क्लास कोणता लावणार होतास तू. माल भरल्यावर गाडीची शेपूट खाली बसू नये म्हणून मागच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगना, करामती केलेल्या असायच्या. १९ जून १९४९ ला शार्लटला नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली, ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत नेमक्या त्याच कमानी सापडल्या, बाद. दुसरा आलेला जिम रोपर विजेता. म्हणजे या खेळाचा पहिलाच निकाल बदललेला आहे.

ज्युनिअर जॉन्सन (हा जिमी नाही, वेगळा), ३१३ शर्यती, ५० विजय, चॅम्पियनशिप शून्य, आणि दारूच्या भट्टीवर पकडला गेला म्हणून जेलमध्ये जाऊन आलेला, पुढे रेगननी माफी दिली. १९६० च्या डेटोना ५०० ला त्याची गाडी बाकीच्यांपेक्षा स्लो होती, पण त्याच्या लक्षात आलं की फास्ट गाडीच्या अगदी पाठीला चिकटून गेलं की हवा लागत नाही आणि आपली गाडी पण तेवढीच पळते. आपण हायवेवर ट्रकच्या मागे सायकल लावायचो ना, तेच, फक्त ताशी अडीचशेला. तशीच जिंकली ती शर्यत. वर सांगितलेली पिअर्सनची १९७४ ची चाल त्याच विद्येतली.

आणि टक्केवारी बघशील तर हर्ब थॉमस आणि टिम फ्लॉक, दोघंही २१ च्या आसपास, म्हणजे पिअर्सनच्याही वर. फ्लॉकनं १८७ शर्यतींत ३९ काढल्या. १९५३ मध्ये तर काही शर्यती शेजारच्या सीटवर माकड बसवून धावला, शर्ट घातलेलं, आणि त्याच्यासोबत हिकरीला एक जिंकला पण. मग रॅलेला ते माकड पट्ट्यातून सुटून ड्रायव्हरच्या मानेवर बसलं, त्याला उतरवायला पिटमध्ये थांबावं लागलं, तिसरा आला. आता सांग, कॉम्पिटिशन काय होती!

थॉमस-फ्लॉकला मी वरच्या ओळीत नाही घेतलं त्याचं कारण वेगळं आहे, करिअर छोटी आणि पाठीला हडसनसारखी कंपनी, दोनशेच्या आसपास शर्यतींत २१ टक्के टिकवणं आणि सहाशेत १८ टिकवणं यात मला दुसरं जास्त अवघड वाटतं. तुला पटलं नाही तर लिही.

प्रश्न : यश फक्त जिंकण्यावरच मोजायचं का? मी शिक्षिका होते, ज्या मुलाला घरी दिवा नाही त्याचे ६० आणि क्लास लावलेल्याचे ९० मला कधीच वेगळे वाटले नाहीत. तुमच्या शर्यतीत असं कोणी आहे का?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आहे बाई, वेंडेल स्कॉट. ४९५ शर्यती, विजय एक. काळा माणूस, १९६० च्या दशकातलं दक्षिण अमेरिका, म्हणजे त्यांच्या देशाचा दक्षिण भाग हो, कित्येक ठिकाणी हॉटेलात घेत नसत, मेकॅनिक स्वतःच, टायर दुसऱ्यांचे वापरलेले. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलला मातीच्या ट्रॅकवर जिंकला, दोन फेऱ्यांनी, आणि झेंडा दाखवलाच नाही, ट्रॉफी बक बेकर नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, हिशोब चुकला होता म्हणे, स्कॉटच विजेता, घ्या पैसे. फेऱ्या तेव्हा माणसं हातानं मोजायची, चुका व्हायच्या हे खरं आहे, १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० चा निकाल फोटो बघून बघून तीन दिवसांनी लागला. पण दोन फेऱ्यांची चूक? बाई, तुम्ही पेपर तपासलेत आयुष्यभर, तुम्हाला काय सांगणार. खरी ट्रॉफी घरच्यांना २०२१ मध्ये मिळाली, तो तर १९९० मध्येच गेला. त्याच्यानंतर पुढचा काळा विजेता बब्बा वॉलेस, तो पण २०२१ मध्ये.

१४७ वेळा पहिल्या दहात आला स्कॉट, असल्या सामानावर. माझ्या ओळीत त्याचा नंबर मला लावता येत नाही.

प्रश्न : बायका नसतात का यात? — इयत्ता नववी, महू

उत्तर : असतात. १९४९ च्या त्या पहिल्याच शर्यतीत सारा क्रिश्चन होती. २०१३ च्या डेटोना ५०० ला डॅनिका पॅट्रिक सगळ्यात पुढून सुरू झाली, आठवी आली. सर्वोच्च मालिकेत अजून कोणी जिंकलेली नाही, तू गाडी शिकून घे, पण अठरा पूर्ण झाल्यावर.

प्रश्न : मी पीथमपूरलाच कामाला आहे. आपल्या नॅट्रॅक्सवर अशी शर्यत घेता येईल का? आणि कोणी भारतीय यात उतरलाय का कधी?
— पीथमपूर

उत्तर : तुझ्या कंपनीच्या गेटवरूनच दिसत असेल ना भाऊ तो. ११.३ किलोमीटरचा लांबट गोल, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालं, आशियातला सगळ्यात लांब हायस्पीड ट्रॅक. डेटोना चार किलोमीटरचा, म्हणजे आपल्या पोटात जवळजवळ तीन डेटोना मावतील. पण शर्यतीला नाही जमायचं. हा टेस्टिंगचा ट्रॅक आहे, गाड्या तासन् तास एका स्पीडला पळवून बघायचा, चाळीस गाड्या एकमेकांना घासत न्यायचा नाही. आणि समज नेल्या तरी बघणाऱ्याला काय दिसणार, गाडी एकदा समोरून गेली की परत यायला दोन-अडीच मिनिटं, तेवढ्यात माणूस पोहे खाऊन, जिलबी संपवून, जिरावणाची पुडी बांधून घेईल. स्टॉक कारची मजा काय, तर सगळा ट्रॅक एका खुर्चीतून दिसतो. शार्लटला मी वरच्या रांगेत होतो, दीड मैलाचा पूर्ण ट्रॅक ताटासारखा समोर. खालच्या रांगांत बसलेल्यांच्या अंगावर टायरच्या रबराची भुकटी उडते, मी मधेच खाली गेलो होतो तर पेप्सीच्या ग्लासात काळे तुकडे, चहात पत्ती तरंगावी तसे. आणि आवाज कानात नाही, छातीत येतो. त्या दिवशी काइल बुश ४०० पैकी ३७७ फेऱ्या पुढे होता, भाचा वैतागला, म्हणे मामा तुम्ही आलात आणि शर्यतच नाही झाली. मला काय, मी तर पिट बघत होतो. चार टायर आणि पेट्रोल, चौदा-पंधरा सेकंदांत.

भारतीय म्हणशील तर नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनवाला, २०१० मध्ये नॅस्कारच्याच ट्रक मालिकेत उतरला होता. हो, ट्रक म्हणजे पिकअप. मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर पहिल्याच वेळी तेरावा, आणि त्या वर्षी लोकांनी मतं देऊन सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडला.

कामाला पीथमपूरला आहेस म्हणून एक सांगतो. त्या ट्रिपमधून मी एक चाकाचा नट आणलाय. तेव्हा एका चाकाला पाच नट असायचे, २०२२ पासून मधला एकच मोठा. ते पाचही आधीच रिमवर गोंदानं चिकटवून ठेवायचे, म्हणजे टायर बोल्टवर बसला की नुसती गन मारायची, नट शोधत बसायचं नाही. माझ्यावाल्यावर अजून त्या गोंदाचा पिवळट डाग आहे आणि आट्यांची पहिली दोन वळणं पार घासलेली, घाईत तिरपा बसला असणार. रविवारी सकाळी घरी असतो, येऊन बघून जा, फक्त बरोबर गेज घेऊन ये, आटे कुठल्या मापाचे आहेत यावर माझं आणि आमच्या जुन्या फोरमनचं अजून मिटलेलं नाही.